परदेशात राहून आपली चित्रभाषा शोधताना

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी चित्रकाराला पहिल्या दोन-तीन वर्षांतच एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, तो म्हणजे तुमच्या चित्रांत भारत कुठे दिसतो? मला तो इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका शहरात, एका लहानशा कलादालनाच्या व्यवस्थापिकेने विचारला. मिरजेहून येऊन मला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्या प्रश्नाने मी इतकी गोंधळले की पुढचे सहा महिने मी कमळे, हत्ती, बांगडी-मोर आणि पैठणीचे पदर रंगवीत राहिले. त्यांतली बरीचशी चित्रे विकली गेली, पण एकही मला आज माझे वाटत नाही, कारण पर्यटकाने जे दृष्टीस पडताच उचलले असते तेच मी माझ्या घरातून उचलले होते. त्यानंतरच्या सतरा वर्षांत जी पद्धत हळूहळू हाताला लागली ती मी येथे सविस्तर मांडते आहे. तिचा गाभा एवढाच आहे की वारशातून चिन्ह न घेता कृती घ्यावी, म्हणजे आपल्या घरातली माणसे हाताने काय करीत आणि कोणत्या क्रमाने करीत, तेथून चित्राला आरंभ करावा.

घाई करू नये

सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण मी नव्याने आलेल्या प्रत्येक चित्रकाराला सांगते. १९२२ साली मध्य प्रदेशातील बाबरिया या खेड्यात जन्मलेले रझा नागपूरच्या कलाशाळेत आणि पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकले, १९५० साली पॅरिसला गेले आणि १९५६ साली तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. म्हणजे बाहेरच्या जगाची मान्यता त्यांना सहा वर्षांत मिळाली होती. आज ज्या बिंदूवरून आपण त्यांना ओळखतो तो मात्र त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, घर सोडून जवळजवळ तीस वर्षे उलटल्यावर. तो बिंदू त्यांनी केवळ ग्रंथांतून उचललेला नव्हता. लहानपणी शाळेत त्यांचे मन थाऱ्यावर राहत नसे, म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे एकटक पाहत बसायला सांगितले होते, ही आठवण ते पुढे अनेकदा सांगत. त्या ठिपक्यावर पुढे तत्त्वज्ञानाचे थर चढले, पण बूड एका मुलाच्या अनुभवात होते आणि म्हणूनच ते टिकले, असे मला वाटते.

तेव्हा पहिली सूचना अशी की परदेशातली पहिली एक-दोन वर्षे आपल्या कामात भारत दाखवण्याचे बंधन स्वतःवर घालू नये. त्या काळात तेथील संग्रहालये पाहावीत, तेथील प्रकाशाची सवय करून घ्यावी, तेथील झाडे आणि माणसे रेखाटावीत. मागणी असेल तर ठराविक भारतीय चित्रे विकून घरभाडे भरण्यात काही गैर नाही, परंतु ती वेगळ्या कप्प्यात ठेवावीत आणि त्यांवर आपली ओळख उभारू नये.

स्मरणवही

या काळात एक काम मात्र नेटाने करावे. एक साधी आखीव वही घ्यावी आणि दररोज तीत घरातली एकच कृती लिहावी. येथे वस्तूंची नावे न लिहिता क्रियापदे लिहिणे फार महत्त्वाचे आहे. दिवा, तुळस, पाट, उंबरा असे लिहिले की डोळ्यांसमोर लगेच दिनदर्शिकेवरचे चित्र उभे राहते. त्याऐवजी वाती वळणे, अंगण सारवणे, सडा घालणे, पत्रावळ टाचणे, गजरा गुंफणे, लोकर उकलून पुन्हा गुंडाळणे असे लिहिले की हाताची हालचाल आठवते. आपली भाषा या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. ओवणे, गुंफणे, विणणे, टाचणे, शिवणे, रफू करणे या प्रत्येक क्रियापदामागे दोऱ्याची वेगळी चाल आहे आणि प्रत्येक चालीतून कागदावर वेगळी रेषा निघते. अलीगढला जन्मलेल्या आणि अर्धे आयुष्य परदेशात काढलेल्या झरीना यांनी १९९९ साली छत्तीस काष्ठठशांची जी मालिका केली, तिच्या प्रत्येक ठशात एक आकृती आणि एक उर्दू शब्द आहे. घर, उंबरठा, अंगण यांसारख्या वस्तूंच्या नावांपासूनही, दिनदर्शिकेवरचे चित्र टाळून, अत्यंत मितभाषी रचना कशी उभी राहू शकते, हे त्या मालिकेत पाहण्यासारखे आहे.

वहीत जेथे आठवण तोकडी पडेल तेथे घरी फोन करावा. प्रश्न मात्र नेमका विचारावा. "आपली परंपरा काय होती?" असे विचारले तर वडीलधारी माणसे पुस्तकी उत्तर देतात. मी एकदा माझ्या आत्याला विचारले, "आत्या, गोधडीला पहिला टाका कुठून घालायचीस गं?" तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "काठापासनं. चारी कडा दुमडून घ्यायच्या आणि कडेकडेनं फेर घालत आत यायचं. मधी पोचलं की संपली बघ." नंतर ती जरा थांबली आणि म्हणाली, "आणि तुझ्या आज्जीचं लुगडं मधल्या थरात घालायचं, वर नाही. वर घातलं की झिजतं."

त्या बोलण्याने माझ्या कामाला जेवढे वळण दिले तेवढे कोणत्याही कलाशाळेने दिले नव्हते. आम्हाला शाळेत रचना शिकवली होती ती आधी मुख्य आकार ठरवून त्याभोवती बाकीचे बसवण्याची. आत्याची गोधडी नेमकी उलट दिशेने जात होती. मी सहा फुटी कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि चारही कडांपासून लहान लहान फटकारे मारीत, धावदोऱ्यासारखे, फेर घालत आत आले. मध्यभागी काय येणार हे अखेरपर्यंत मला ठाऊक नव्हते. सर्वांत जवळचा रंग, माझ्या आजीच्या लुगड्याचा जांभळट हिरवा, मी खालच्या थरात लावला आणि त्यावर इतर थर असे चढवले की तो केवळ फटींतून दिसावा. त्या चित्रात गोधडी कोठेही नाही, तरी ते पाहून एका वृद्ध इंग्रज बाईंनी मला विचारले की हे पांघरूण आहे का.

हाताचा सराव

ज्यांच्या घरी रांगोळी काढली जात होती त्यांनी सरावाचा आरंभ तिच्यापासून करावा, कारण तिच्यात रेषा, मोजणी आणि पुसले जाण्याची तयारी या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. काळ्या रंगाचा जाड कागद किंवा जुनी पाटी जमिनीवर ठेवावी. महाराष्ट्रात रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाची पूड करून बनवतात. ती मिळाली नाही तर कला-साहित्याच्या दुकानातील संगमरवराची बारीक पूड चालते. पीठ वापरू नये, ते बोटांना चिकटते आणि धार तुटते. चिमूट अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरावी, हात जमिनीपासून दोन-तीन बोटे वर ठेवावा आणि बोटे न हलवता मनगट पुढे सरकवावे. बोटे हलली की रेषा गाठाळते, आणि हात फार उंच गेला की ती फिसकटते. ठिपके देऊन आधी पाच ते एक (म्हणजे मधल्या ओळीत पाच ठिपके आणि पुढच्या ओळींत कमी होत होत एक), मग नऊ ते एक, आणि हात बसल्यावर पंधरा ते आठ अशा जुन्या मांडण्या काढाव्यात. दिवाळी अंकांच्या मागच्या पानांवर त्या कितीतरी सापडतील.

रोज एक काढावी, फार तर पाच मिनिटे पाहावी आणि हाताने पुसून टाकावी. छायाचित्र काढू नये. हे मी आग्रहाने सांगते, कारण छायाचित्र काढायचे ठरले की हात प्रेक्षकासाठी काम करू लागतो. महिनाभराने तीच चाल कुंचल्याने करून पाहावी. ठिपक्यांना वळसा घालून परत स्वतःपाशी येणारी रेषा आता डोक्याला विचारत नाही, असे ज्या दिवशी जाणवेल त्या दिवसापासून ठिपके देणे बंद करावे आणि रेषेला मोकळे सोडावे. येथवर पोहोचायला मला पाच महिने लागले.

ज्यांच्या घरी रांगोळी नव्हती त्यांनी खंत बाळगू नये. कोणाचे वडील सुतार असतील, कोणाची आई शिवणकाम करीत असेल, कोणाच्या घरी बांगड्यांचे दुकान असेल, कोणी चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांची अंथरुणे कशी बसवायची हे पाहत वाढले असेल. ती मांडणीही वारसाच आहे आणि चित्राच्या चौकटीत काय, किती आणि कोठे बसेल याचे तिच्याइतके कडक शिक्षण क्वचितच मिळते.

साहित्य आणि प्रकाश

पुष्कळ जण गावाकडची माती, गेरू, शेण असे साहित्य बॅगेत भरून आणतात. माती व शेण आणायला अनेक देशांत मनाई आहे आणि विमानतळावर ते टाकून द्यावे लागते, तेव्हा तो खटाटोप करू नये. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि तेच द्रव्य जगातल्या बहुतेक रंगसाहित्याच्या दुकानांत तांबड्या गेरूच्या पुडीच्या रूपात मिळते. ही पूड काचेवर घेऊन, डिंकाच्या पाण्यात नीट घोटून कागदावर लावावी. जलरंगांत रंग कागदाला धरून ठेवणारे द्रव्य म्हणून बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचाच डिंक असतो, त्यामुळे हे मिश्रण परके वाटत नाही. लोहाचे रंग उन्हात विटत नाहीत, हाही त्यांचा मोठा गुण आहे.

हळदीचे तसे नाही. हळदीत चुन्याची निवळी घातली की डोळ्यांदेखत ती लाल होते, आपल्याकडचे कुंकू पूर्वी याच गुणावर बनत असे, आणि हा बदल चित्रात वापरण्याचा मोह कोणालाही व्हावा असाच आहे. परंतु हळदीचा रंग प्रकाशात झपाट्याने उडतो. म्हणून हळद वापरायचीच असेल तर तिचे विटणे हाच चित्राचा भाग आहे असे ठरवून वापरावी, आणि गिऱ्हाईकाला तसे स्पष्ट सांगावे. टिकाऊ पिवळा हवा असेल तर पिवळी गेरूमाती घ्यावी. चुना हाताळताना हातमोजे घालावेत, तो त्वचेला आणि डोळ्यांना पोळतो.

कोरड्या पुडीची ताकद पाहायची असेल तर अनीश कपूर यांची सुरुवातीची शिल्पे पाहावीत. मुंबईत १९५४ साली जन्मलेले कपूर लंडनला स्थायिक झाले, १९७९ साली भारतात येऊन गेले आणि त्यानंतर त्यांनी आकारांवर शुद्ध रंगाची पूड पसरून एक मालिका केली. आकाराभोवती जमिनीवर सांडलेल्या पुडीमुळे तो आकार तेथेच उगवला आहे, असा भास होतो.

प्रकाशाबद्दल एकच गोष्ट सांगते. उत्तरेकडचा हिवाळी उजेड निळसर आणि तिरका असतो, आणि मिरजेच्या उन्हात जो राणी रंग सहज शोभतो तो या उजेडात अंगावर येतो. त्यावर उपाय म्हणून सगळेच रंग मळकट करण्याची चूक मी काही काळ केली. त्याऐवजी तो झगझगीत रंग क्षेत्रफळाने कमी करावा, अगदी पातळाच्या काठाएवढा, आणि त्याच्या शेजारी तेथीलच करडा रंग ठेवावा. दोन्ही प्रदेश मग एका चित्रात नांदतात.

जे आपले नाही त्याविषयी

महाराष्ट्राची कला म्हटले की परदेशात सर्वांत आधी वारली चित्रे पुढे येतात, आणि पुण्या-मुंबईकडचा चित्रकारही सहजच ती काढू लागतो. मी हे टाळावे असे स्पष्टपणे म्हणते. गेरूने लिंपलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक हे वारली समाजाचे विधिचित्र आहे. तो सवाशिणी काढतात, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री गाणी म्हणते आणि त्या चौकात पालघट देवतेची स्थापना असते. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला विधीबाहेर आणून कागदावर आणि कापडावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. या कलेला आज भौगोलिक मानांकनही आहे. त्रिकोणांची माणसे काढणे दोन तासांत जमते, परंतु ती काढून आपली म्हणून विकणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातली तुळस उपटून आपल्या कुंडीत लावण्यासारखे आहे.

याचा अर्थ तिकडे पाहूच नये असा नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलाकार चित्रकथी सांगतात. चित्रांच्या पोथीतले एकेक पान उभे धरून, वाद्याच्या साथीने कथा पुढे सरकते. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीला लाखेच्या कामाची गोल गंजिफा पाने, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, अजूनही हाताने रंगवली जातात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशेवीस पाने असतात. सुट्टीत देशी गेल्यावर या ठिकाणी दोन-चार दिवस राहावे, कलाकारांकडून रीतसर मोबदला देऊन शिकावे, त्यांचे काम विकत घ्यावे. तेथून परतताना त्यांचे आकार न आणता प्रश्न आणावा: एका चित्रामागून दुसरे चित्र दाखवण्याने कथा कशी बदलते, गोल पानात माणूस कसा बसवायचा? त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले की काम आपले होते, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे नाव प्रदर्शनात लिहिताना संकोचही वाटत नाही.

परदेशातली संग्रहालयेही या शोधात फार उपयोगी पडतात. सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या नकला केल्या, त्यांतल्या काही आगीत नष्ट झाल्या आणि उरलेल्या बऱ्याचशा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्या तिकडे का गेल्या याचे दुःख मला आहे, पण आपल्याच कलाशाळेतल्या मुलांनी दीडशे वर्षांपूर्वी लेण्यांच्या अंधारात बसून काढलेली रेषा मला परदेशात पाहायला मिळते, याचा उपयोगही मी करून घेते. अनेक संग्रहालयांत साठवणीतली वस्तू आधी वेळ ठरवून पाहता येते. अशा वेळी मोबाइल बाजूला ठेवून पेन्सिलीने नक्कल करावी.

वारसा किती दिसावा

यावर दोन टोकांची उदाहरणे आपल्याच भूमीतली आहेत. गोव्यातल्या बार्देशातील साळगावला १९२४ साली जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ साली लंडनला गेले, आणि गोव्याच्या चर्चमधली वेदी, पाद्रींचे भरजरी पोशाख, काटेरी मुकुटातला ख्रिस्त हे सारे त्यांच्या जाड काळ्या रेषेत उघडपणे, कधी रागाने, आयुष्यभर येत राहिले. याउलट अकोल्याचे अंबादास १९७२ साली ऑस्लोला स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहून पूर्णपणे अमूर्त चित्रे करीत राहिले. रंगाच्या वळवळत्या फटकाऱ्यांखेरीज त्यांत ओळखीचे असे काही सापडत नाही. दोघांपैकी कोण अधिक आपला, असा प्रश्न मला करावासा वाटत नाही. ज्याच्या मनात लहानपणीच्या प्रतिमांशी भांडण शिल्लक आहे त्याने सूझांची वाट धरावी, आणि ज्याला प्रतिमा आठवतच नाहीत, केवळ हालचाल आठवते, त्याने अंबादासांकडे पाहावे.

मंडळाच्या गणेशोत्सवात मखर करण्याचे काम आले तर ते आनंदाने करावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे आणि आज जगभरातल्या मराठी मंडळांत अशी कामे निघत असतात. तेथे लोकांना ओळखीचे तेच हवे असते, आणि ते द्यावेही. मात्र एखादा कोपरा आपल्या पद्धतीने करून बघावा. माझ्या फेर घालत आत येणाऱ्या रेषांचा पहिला मोठा पडदा मी मखरामागे लावला होता, आणि तो कोणालाही खटकला नाही, उलट एका काकूंनी तो नंतर घरी नेला.

चित्राचे नाव आणि पाठ

चित्राला नाव मराठीत सुचले असेल तर ते मराठीतच ठेवावे, देवनागरीत लिहावे आणि खाली तेथील भाषेत अर्थ द्यावा. 'फेर', 'उरलेले', 'मधला थर' अशी साधी नावे पुरतात. संस्कृतचे जड शब्द परक्या वाचकाला भारदस्त वाटतात म्हणून वापरू नयेत. प्रदर्शनासाठी निवेदन लिहावे लागते तेव्हा 'प्राचीन भारतीय अध्यात्म' यासारखी वाक्ये टाळून आपण नेमके काय केले ते लिहावे: कोणाकडून शिकलो, पहिला फटकारा कोठून मारला, कोणता रंग खाली ठेवला आणि का. माझे सर्वांत चांगले निवेदन चार ओळींचे होते आणि त्यातल्या दोन ओळी आत्याच्या होत्या. तिची परवानगी मी फोनवर घेतली होती आणि तिचे नाव खाली छापले होते.

शेवटी चित्र उलटे करून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने देवनागरीत नाव, साल, गाव आणि वापरलेले साहित्य लिहावे. शाई पुढच्या बाजूस झिरपू शकते, म्हणून पेन्सिलच बरी. चित्रात हळद असेल तर तेही मी तेथे लिहिते, आणि खाली तेथील भाषेत आणखी एक ओळ घालते, की हे चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नये.